भरल्या गाडीचं दार

"रिकाम्या गाडीवर आपला इस्वास न्हाई."

हे वाक्य म्हणण्याआधी मिस्त्री डोक्यावरची पांढरी टोपी काढत, तिच्यात आत फुंकर मारत आणि पुन्हा डोक्यावर घालत. बाकीच्या कपड्यांचा मूळ रंग कोणता, हे त्यांच्या घरच्यांनाही सांगता आलं नसतं. पण टोपी पांढरीशुभ्र. गाडीच्या पत्र्याचं काम करणाऱ्याची टोपी संध्याकाळपर्यंत पांढरी राहत असेल, तर त्याचे दोनच अर्थ निघतात. एक तर माणूस काम करत नाही, किंवा फार चांगलं करतो. मिस्त्रींच्या बाबतीत यातलं खरं काय ते ठरवायला आम्हाला बरेच दिवस लागले. आता मी सगळं सांगते, तुम्हीही ठरवून बघा.

बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस होते. नगरला माळीवाड्याच्या मागे आमचं महिला मंडळ होतं आणि मी त्याची चिटणीस होते. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या मजुरांना सरकार सुकडी वाटायचं. सुकडी म्हणजे भाजलेलं पीठ आणि गूळ एकत्र मळून केलेला खाऊ. ती करायचं काम आमच्या मंडळातल्या डझनभर बायकांना मिळणार होतं. त्यांच्यातल्या निम्म्या घरांत दुसरी कमाई नव्हती. फक्त कचेरीतल्या साहेबांनी एक अट घातली होती : "माल तुमच्या गाडीनं कामावर पोचवला पाहिजे. महिनाअखेरीपर्यंत गाडी पास करून आणा. नाहीतर एक ठेकेदार तयार आहे. त्याच्याकडे गाडीही आहे."

आमच्याकडे गाडी नव्हती. मग आम्ही घेतली. जुन्या लष्करी सामानाच्या लिलावात निघालेली, विलायती बनावटीची छोटी पिकअप. पुढे दोघांची केबिन, मागे फळ्यांचा हौदा. आमचे ड्रायव्हर अंकुशराव यांनी चार दिवस खटपट करून इंजिन चालू केलं. पण गाडीला डावं दार नव्हतं, उजवं होतं ते लोंबत होतं, बॉनेट भलत्याच कुठल्या तरी गाडीचं होतं आणि पुढच्या मडगार्डांतून जमीन दिसायची. मी करायच्या कामांची यादी केली आणि मिस्त्रींना बोलावणं धाडलं.

मिस्त्री आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं, टोपी काढली, फुंकर मारली, घातली.

"कंबरंत बसलीय," ते म्हणाले.

"खालची चासी वाकली आहे का?"

"वाकली न्हाई. बसलीय. लई वजन वाह्यलंय हिनं."

"मग सरळ करावी लागेल."

"सरळ करीत बसलो तर तवर दुष्काळ संपंल, बाई." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "ही पाथर्डीकडं जानार का?"

मी सांगितलं, सगळीकडे जाणार. मोठे ट्रक जात नाहीत त्या रस्त्यांवर आधी जाणार. मिस्त्रींनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर आले. मजुरी किती, हे मीच त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी ते दोन्ही वेळा ऐकल्यासारखं केलं.

त्यांच्याविषयी काही गोष्टी नोंदवून ठेवायला हव्यात. पहिली, म्हणजे ते नम्र नव्हते. 'गरीब बिचारा कारागीर' डोळ्यांपुढे आणला असेल तर तो घालवा. मिस्त्रींचं म्हणणं असं, की इंग्रजांच्या काळात त्यांनी खुद्द लाटसाहेबाच्या मोटारीचं दार बसवलं होतं. "दार लावलं की नुसतं टप् वाजायचं. लाटसाहेब आत बसला, दार लावलं, परत उघडलं, परत लावलं. नुसता आवाज ऐकत बसला." ही हकिकत रोज एकदा तरी व्हायची. आमच्या हौसाबाई मंडळातल्या सगळ्यांत मोठ्या, वजनानंही आणि आवाजानंही. त्या एकदा म्हणाल्या, "काल मोटार हिरवी हुती न्हवं, मिस्त्री? आज काळी कशी झाली?"

"मधी रंग दिला आसंल," मिस्त्री शांतपणे म्हणाले.

दुसरी गोष्ट माझ्या यादीची. कामं क्रमानं व्हावीत म्हणून मी ती मोठ्या जाड कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून शेडच्या खांबाला लावली होती. दोन दिवसांनी पाहते तो खांब मोकळा. मिस्त्री मडगार्डच्या चाकावरच्या गोलाईला माझी यादी लावून कात्रीनं कापत होते. कागदाचा नमुना आधी कापायचा, मग त्याच्यावरून पत्रा कापायचा, अशी त्यांची रीत होती.

"अहो, ती यादी होती!"

"कागद लई चांगला हाय," मिस्त्री म्हणाले. "अजून आसंल तर करा यखांदी. उजवं मडगार्ड बाकी हाय."

मी दुसरी यादी केली. माझ्या याद्यांचा इतका थेट उपयोग त्याआधी किंवा त्यानंतर कुणी केलेला नाही.

तिसरी गोष्ट ढब्बू पैशांची. बाजारातून कधीच बाद झालेले दोन जाड ढब्बू पैसे त्यांच्या बंडीच्या खिशात असत. दार आणि चौकट यांच्यामधल्या फटीत ते दोन्ही पैसे एकावर एक धरून घालायचे आणि वरपासून खालपर्यंत फिरवायचे. पैसे अडकले तर तिथं फट कमी, हलले तर जास्त. "सगळीकडनं सारखे फिरले पायजेत," म्हणायचे. एकदा अंकुशराव म्हणाले, "मिस्त्री, हे पैसं आता चालत न्हाईत."

"म्हनून तर माझ्याकडं हायत. चालनारं कवाच गेलं."

मडगार्डं झाली. बॉनेटच्या पत्र्याला लाकडी मोगरीनं ठोकून ठोकून या गाडीचं करून झालं. डावं दार भंगारातून आलं. मग दारं बसवायची वेळ आली आणि मिस्त्रींनी ते वाक्य काढलं.

"रिकाम्या गाडीवर आपला इस्वास न्हाई. माल भरा, मग दार बसवतो."

त्यांचं म्हणणं असं : गाडी कंबरेत बसलेली आहे. मागं वजन पडलं की ती अजून बसणार आणि केबिन तिरकी होणार. रिकामी असताना दार बसवलं तर माल भरल्यावर ते लागणार नाही. गाडी काय रिकामी फिरवायला घेतलीय का?

म्हणणं मला पटलं. अडचण एवढीच होती, की माल नव्हता. धान्य आणि गूळ मिळणार होते गाडी पास झाल्यावर. गाडी पास होणार होती दारं बसल्यावर. आणि दारं बसणार होती माल भरल्यावर. सरकारी कामांत मी अशा कोंड्या पुष्कळ पाहिल्या होत्या, पण घरच्या घरी तयार झालेली ही पहिलीच.

मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं. ओसरीवर मंडळातल्या बायका बारदानांवर बसून गोधडी शिवत होत्या.

"मावशी," ते हौसाबाईंना म्हणाले, "जरा गाडीत बसा बरं."

अशा रीतीनं आमच्या मंडळाचं कामकाज दोन दिवस पिकअपच्या हौद्यात चाललं. बारदानांसह सगळ्या वर चढल्या. हौसाबाई डाव्या कोपऱ्यात, त्यांच्यासमोर रमाबाई, मागच्या उघडत्या फळक्याजवळ पारूबाई. पारूबाई म्हणजे काटकुळ्या आणि जिभेनं तिखट. मिस्त्री एखादा मुकादम हाकारतो तसे खालून सांगायचे, "पारूबाई, ईतभर माघं. आता ऱ्हाऊ द्या. हालू नगा."

"मिस्त्री, आमी काय पोती हाय व्हय?" पारूबाई.

"पोत्याला तोंड नसतंय, बाई. पोती आसती तर काम सकाळीच झालं आसतं."

"आन् लाटसाहेबाच्या गाडीत कुनाला बसवलं हुतं?"

"लाटसाहेबाचं वजन पुरं हुतं."

त्या दोन दिवसांत टोपीचं गुपित कळलं. कामाला हात घातला की मिस्त्री टोपी काढून कुंपणाजवळच्या पेरूच्या फांदीला अडकवत. उघड्या डोक्यानं बिजागरी ढिली करायची, दार पेरभर उचलायचं, पुन्हा आवळायची, मागून ठोकळा धरून पत्र्याची कड ठोकायची, पैसे फिरवायचे, पुन्हा सगळं पहिल्यापासून. काम थांबवून लांबून बघायचं असलं, की मग टोपी. म्हणजे मी मघाशी सांगितलेले दोन्ही अर्थ चुकीचे होते. ती काम बघायची टोपी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डावं दार लावलं. टप्. मग उजवं. टप्. हौद्यातल्या बायका बोलायच्या थांबल्या. पारूबाईसुद्धा.

"उतरू का?" हौसाबाईंनी विचारलं.

"उतरा की."

त्या सगळ्या उतरल्या आणि मंडळींनी एकदम टाळ्या वाजवल्या. दारं पुन्हा लावून बघायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही, आणि ती गोष्ट तर यादीत होती. पण यादी उजव्या मडगार्डला गेली होती.

गाडी तपासणीचा दिवस उजाडला. शहराबाहेरच्या मैदानावर गाड्या पास करणारे साहेब येणार होते. सगळ्या बायका बघायला म्हणून हौद्यात चढल्या, आपापल्या बारदानांवर आपापल्या जागी बसल्या आणि गाडी झोकात मैदानावर पोचली. साहेबांनी आधी हौदा पाहिला.

"ही मालाची गाडी आहे ना? मग ही माणसं?"

"वजनाला हायत," मिस्त्री म्हणाले.

"उतरवा."

त्या उतरल्या. साहेबांनी डावं दार उघडलं आणि लावलं. लागलं नाही. पुन्हा लावलं. वरचा कोपरा चौकटीला टेकून राहिला. उजव्या दाराचंही तेच. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिस्त्रींकडे. मिस्त्रींनी टोपी काढून फुंकर मारली.

"गाडी रिकामी हाय, साहेब."

"तपासणीला गाडी रिकामीच आणतात."

"रिकाम्या गाडीत काय तपासायचं?"

साहेब हसले नाहीत. "माझं दुपारपर्यंत इथं काम आहे," ते म्हणाले. "तेवढ्यात दारं लागली तर दाखवा. माणसं न बसवता."

तो महिन्याचा शेवटचा तपासणीचा दिवस होता. पलीकडच्या लिंबाखाली ठेकेदाराची नवी गाडी उभी होती आणि त्याचा माणूस बिडी ओढत आमच्याकडे बघत होता. रमाबाईंची दोन लेकरं शेजारणीकडे होती आणि शेजारीण किती दिवस जेवू घालील, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी मिस्त्रींना म्हटलं, "आता बिजागऱ्या काढा आणि रिकाम्या गाडीला बसवा. काय व्हायचं ते माल भरल्यावर होईल."

"न्हाई," मिस्त्री म्हणाले. "माल भरल्यावर वाटंत दार उघडलं, खड्ड्यात ड्रायव्हर भाईर पडला, तर मी काय सांगू?"

"कुणाला सांगायचंय तुम्हाला?"

ते मैदानाच्या कडेला बघत होते. रस्त्याच्या कामासाठी तिथं मुरमाचा ढीग टाकलेला होता.

"मावशी," ते म्हणाले, "तुमचं बारदान द्या."

बारा जणींची बारदानं निघाली. मुरूम भरायला फावडं मागावं लागलं ते ठेकेदाराच्या माणसाकडे. त्यानं ते गंमत म्हणून दिलं. मग पुढचा तासभर त्या मैदानावर जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. मिस्त्री प्रत्येकीकडे एकदा बघायचे आणि तिच्या पोत्यात किती भरायचं ते सांगायचे.

"अजून दोन फावडी. हौसामावशीचं हाय ते."

"मुडद्या, फुटंल की पोतं!" हौसाबाई ओरडल्या.

"पारूबाईचं बास. काढा थोडं."

"काढू नगा!" पारूबाई म्हणाल्या. "चार मानसांत तेवढीच आब्रू ऱ्हाऊ द्या."

भरलेली पोती हौद्यात चढली. चढवताना ज्याचं त्याचं नाव पुकारलं जात होतं. "रमाबाई समोरच्या कोपऱ्यात! हौसामावशी डावीकडं, अजून रेटा! पारूबाई फळक्याला, ईतभर माघं!" बायका खाली उभ्या आणि त्यांची नावं वर चढत होती. साहेब दुसऱ्या गाडीचं काम सोडून येऊन उभे राहिले.

मिस्त्रींनी टोपी माझ्या हातात दिली. तिथं पेरूचं झाड नव्हतं. पैसे फटीत घालून वरपासून खालपर्यंत फिरवले, बाजूला झाले आणि साहेबांना म्हणाले, "तुमीच लावा."

साहेबांनी दार लावलं.

टप्.

त्यांनी ते उघडलं, पुन्हा लावलं. आणखी एकदा. मग विचारलं, "आणि तुमच्या पारूबाई खाली उतरल्या तर?"

"तर फळक्याकडनं जरा वाजंल," मिस्त्री म्हणाले, "पन दार उघडनार न्हाई. सगळ्याच उतरल्या तर उघडंल. सगळ्याच उतरल्या तर गाडीचा उपेग काय?"

साहेबांनी सही केली. जाताना म्हणाले, माल भरल्यावर दार लागतं अशी गाडी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. बाकीच्या गाड्यांचं नेमकं तिथंच बिघडतं.

सुकडीची पोती सुरू झाली, तेव्हाही गाडी भरायची पद्धत तीच राहिली. हमालसुद्धा "रमाबाई घ्या, हौसामावशी धरा," म्हणत पोती लावायचे. नव्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल ते तुम्हीच ओळखा.

पाथर्डीकडच्या एका कामावर तोवर सुकडी पोचतच नव्हती. तिथला रस्ता तयार झालेला नव्हता. तोच करायचं काम तर चाललं होतं. आमची पिकअप तिथं पहिल्यांदा गेली तेव्हा मी बरोबर होते. वाटप सुरू झालं. रांगेतली एक बाई सुकडी घेऊन पुढे गेली नाही. ती गाडीच्या डाव्या दाराशी थांबली आणि दोन बोटं फटीवरून खालपर्यंत फिरवत गेली. बोटांना खडीच्या भेगा पडल्या होत्या.

"दार कुनी बसवलं?" तिनं विचारलं.

"आमचे मिस्त्री आहेत नगरला."

"टोपीवालं?"

"हो."

"लाटसाहेबाच्या मोटारीचं सांगितलं आसंल."

"रोज सांगतात."

"रंग कंचा हुता?"

"रोज वेगळा."

ती हसली. "आमच्यात निळी हुती," म्हणाली आणि सुकडी पदरात घेऊन खडीच्या ढिगाकडे गेली.

नगरला परतल्यावर मी मिस्त्रींना म्हटलं, "तुमच्या घरची माणसं त्या कामावर आहेत, हे बोलला नाहीत कधी."

"तुमी इचारलं न्हाई," ते म्हणाले. "तुमच्या यादीत न्हवतं." मग टोपी काढून बराच वेळ फुंकर मारत राहिले. "खाल्ली का तिनं?"

"माझ्यासमोर नाही. पदरात घेऊन गेली."

"मंग सांच्याला खाल्ली आसंल," म्हणाले.

पुढे पाऊस आला, दुष्काळी कामं बंद झाली, सुकडीही बंद झाली. मंडळानं मसाल्याचं काम धरलं. मसाल्याच्या पुड्यांना वास भरपूर, वजन काही नाही. दारं लागेनाशी झाली. अंकुशराव डावं दार सुतळीनं बांधून गाडी चालवायचे. मी मिस्त्रींना बोलावून घेतलं. त्यांनी पैसे फिरवले, ते वरच्या कोपऱ्यात अडकले, त्यांनी ते काढून खिशात ठेवले.

"दाराचं बराबर हाय," म्हणाले. "माल कमी हाय."

"आता एवढाच माल असणार, मिस्त्री. जरा बिजागरी सरकवून द्या ना."

"रिकाम्या गाडीचं दार बसवायला लई जन हायत, बाई." आणि चहा घेऊन गेले. दुसऱ्या कुणाला बोलवावं, असं माझ्या मनात पुष्कळदा आलं. बोलावलं नाही. सुतळी स्वस्त होती.

मिस्त्री वारल्याची बातमी एसटीच्या कंडक्टरनं आणली. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत, एवढंच. त्यांच्या गावी भेटायला जायचं ठरलं तेव्हा मंडळ सोडून गेलेल्या बायकासुद्धा आल्या. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नाहीत हा नियम मला पाठ होता. त्या दिवशी मी तो काढला नाही. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण हौसाबाई डाव्या कोपऱ्यात जाऊन बसल्या आणि रमाबाई त्यांच्यासमोर. फळक्याजवळची जागा तेवढी मोकळी राहिली. पारूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. डावं दार जवळजवळ लागलं, पण फळक्याकडून वाजत होतं. मी पुढे बसले होते. खड्डा आला की दार थरथरायचं आणि माझी सुतळीवरची पकड घट्ट व्हायची.

मिस्त्रींच्या घरी खुंटीला टोपी होती. धुतलेली. त्यांच्या बायकोनं, पाथर्डीकडे गाडीच्या दाराशी थांबली होती तिनंच, सगळ्यांना पाणी दिलं, चहा केला. हौसाबाई रडल्या तेव्हा त्यांची समजूतही तिनंच काढली. आम्ही निघालो तेव्हा तिनं आतून लोखंडी पेटी ओढत आणली. हातोड्या, मोगऱ्या, ठोकळे, सगळं तीत होतं.

"ही न्या," ती म्हणाली.

"अहो, आम्ही काय करणार हिचं? विकली तर तुम्हाला चार पैसे येतील."

"न्या म्हनते ना. गाडीत जागा मोकळी दिसतीया. त्यांला आवडत न्हवतं."

अंकुशरावांनी आणि आणखी एकानं पेटी उचलली. हौद्यात बायकांच्या मधे तिला जागा नव्हती, म्हणून ती फळक्याजवळ ठेवली. "ईतभर माघं," हौसाबाई म्हणाल्या. अंकुशरावांनी ती वीतभर मागे सरकवली. मी पुढे येऊन बसले आणि दार ओढलं.

पेटीचं वजन पारूबाईंएवढं भरलं असेल की नाही, हे मला सांगता येणार नाही. वजन करायला तिथं काटा नव्हता. गाडी उतारावर उभी होती, त्याचाही परिणाम असू शकेल; किंवा मी दार नेहमीपेक्षा जोरात ओढलं असेल. मिस्त्रींची बायको दारात उभी होती आणि तिनं तो टप् आवाज ऐकला, एवढं मी नक्की सांगू शकते, कारण तिनं आमच्याकडे बघून मान हलवली.

नगर येईपर्यंत दार एकदाही वाजलं नाही. माझ्या हातात सुतळी तशीच होती. ती मी नीट गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. मसाल्याच्या खेपेला उद्या लागणार होती.